युनिट कमिटमेंट: गॅप दीड टक्क्यावर अडकतो आणि निघालेलं वेळापत्रक एसी लोड फ्लोत टिकत नाही

स्लॅकबस:

उद्याचं निर्मिती वेळापत्रक काढणारं, म्हणजे कुठला संच कधी चालू-बंद ठेवायचा ते ठरवणारं (युनिट कमिटमेंट) मॉडेल आहे. ३८ संच (२२ औष्णिक, १० वायू, ६ जलविद्युत), १०० मेगावॅट / ४०० मेगावॅट-तासांची एक बॅटरी, दुपारी भरपूर सौर, तो कापला तर मॉडेलमध्ये दंड. १५ मिनिटांचे ९६ ब्लॉक. नेटवर्क डीसी (लोड फ्लोचं सोपं, रेषीय रूप), सुमारे ५०० लाइन आणि एन-१ साठी (कुठलीही एक लाइन गेली तरी बाकीच्या टिकायला हव्यात) तितकेच आउटेज. मांडणी एमआयएलपी (काही व्हेरिएबल पूर्णांक असलेलं रेषीय मॉडेल).

प्रत्येक संचाला दर ब्लॉकमध्ये एकच बायनरी, चालू की बंद. सुरू करण्याचा खर्च, किमान चालू वेळ, किमान बंद वेळ हे सगळं त्या एका बायनरीवर आणि मोठ्या 'एम'वर (बायनरीनुसार अट लागू किंवा ढिली करणारा मोठा आकडा) बेतलेलं. खर्चाचा वक्र वर्गीय, त्याचे १० सरळ तुकडे. लाइनच्या मर्यादा, आउटेजसकट, पहिल्यापासून सगळ्या आत.

दिसतं ते असं. पहिला एलपीच (पूर्णांकाची अट सोडून दिलेलं मॉडेल) सुटायला फार वेळ घेतो. पुढे गॅप (सापडलेलं उत्तर आणि खर्चाची सिद्ध झालेली खालची मर्यादा यांतलं अंतर) १.५ टक्क्याच्या आसपास येऊन तिथेच बसतो. दिवसाच्या शेवटच्या दोन तासांत मॉडेल संच धडाधड बंद करतं आणि बॅटरी पार रिकामी करतं. दुपारी बॅटरी एकाच ब्लॉकमध्ये चार्जही होते आणि डिस्चार्जही. आणि हे वेळापत्रक एसी लोड फ्लोत (नेटवर्कच्या पूर्ण गणितात) घातलं की दोन लाइन ओव्हरलोड, तीन बसवर (नेटवर्कच्या जोडबिंदूंवर) व्होल्टेज ०.९५ पीयूच्या, म्हणजे नेमलेल्या व्होल्टेजच्या ९५ टक्क्यांच्या, खाली.

एमआयएलपी सोडून जेनेटिक अल्गोरिदम किंवा पीएसओ (दोन्ही अंदाजाने शोध घेणाऱ्या पद्धती) घेतलं तर वेग येईल का? बऱ्याच प्रबंधांत तेच दिसतं. आणि डीसी ते एसी ही दरी प्रत्यक्ष कामात कशी बुजवतात?

लॅग्रांज_काका:

पद्धत बदलायच्या आधी सॉल्व्हरचा लॉग वाचा. वेळ कुठे जातो ते तिथेच लिहिलेलं असतं. पहिला एलपीच रेंगाळत असेल तर मॉडेल आकाराने फुगलंय, आणि ते बहुतेक वेळा नेटवर्कमुळे. एलपी पटकन सुटला पण खालची मर्यादा आणि सापडलेलं उत्तर यांत सुरुवातीपासून मोठं अंतर आहे, तर मांडणी सैल आहे. अंतर थोडंच आहे पण नवं चांगलं उत्तर सापडत नाही, तर सुरुवातीचं उत्तर द्यायला हवं. कालचं चालू-बंद वेळापत्रक उचलून दिलं तरी बरंच काम होतं. तुमच्याकडे पहिली दोन दुखणी एकदम आहेत. नेटवर्कचं तारमार्ग सांगतीलच, मी मांडणीचं सांगतो.

एका बायनरीची मांडणी सैल का? एलपीत बायनरी पूर्णांक नसते. सॉल्व्हर संच ०.४ चालू ठेवतो, स्थिर खर्चाचा ०.४ भाग भरतो, आणि मोठ्या 'एम'मुळे किमान वेळेची अट त्याला जाणवतच नाही. म्हणून खालची मर्यादा फसवी, खूपच स्वस्त येते. मग ती वर आणायला झाडाच्या हजारो फांद्या चढाव्या लागतात.

तीन व्हेरिएबल घ्या: चालू, सुरू, बंद. जोडणारं समीकरण (त म्हणजे ब्लॉक):

चालू[त] − चालू[त−१] = सुरू[त] − बंद[त]

किमान चालू वेळ ८ तास म्हणजे ३२ ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकसाठी एकच ओळ: मागच्या ३२ ब्लॉकमधल्या (हा ब्लॉक धरून) 'सुरू'ची बेरीज ≤ चालू[त]. किमान बंद वेळेसाठी तशीच 'बंद'ची बेरीज ≤ १ − चालू[त]. 'एम' कुठेच नाही. राजन आणि ताक्रिती यांनी २००५ मध्ये दाखवलं की एका संचाच्या किमान वेळांपुरत्या या ओळी शक्य तितक्या घट्ट आहेत. त्यांच्यापुढे कसण्यासारखं काही उरत नाही. 'सुरू' आणि 'बंद' बायनरी म्हणून जाहीर करायचीही गरज नाही. 'चालू' पूर्णांक झाला की या अटींतून तेही ० किंवा १ च निघतात.

निर्मितीची वरची मर्यादाही त्याच चालीने घट्ट करा:

निर्मिती[त] ≤ कमाल × चालू[त] − (कमाल − सुरू-मर्यादा) × सुरू[त] − (कमाल − बंद-मर्यादा) × बंद[त+१]

सुरू-मर्यादा म्हणजे सुरू होण्याच्या ब्लॉकमध्ये संच जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते. बंद-मर्यादा तशीच शेवटच्या ब्लॉकची. ही ओळ किमान चालू वेळ दोन ब्लॉक किंवा जास्त असेल तरच चालते. एकाच ब्लॉकसाठी चालू शकणारा संच असेल तर 'सुरू' आणि 'बंद'च्या दोन वेगळ्या ओळी करा, नाहीतर चालणारं वेळापत्रकही कापलं जातं.

तुकडे १० कशाला? वर्गीय वक्राला जीवा जोडली तर एका तुकड्यात जास्तीत जास्त चूक = वर्गाचा सहगुणक × रुंदीचा वर्ग ÷ ४. सहगुणक ०.००४, पल्ला ३०० मेगावॅट, तुकडे ४, म्हणजे रुंदी ७५. चूक ०.००४ × ५६२५ ÷ ४ = ताशी ५.६. इंधनाचा ताशी खर्च हजारांत असताना हे कुठेच लागत नाही. मात्र प्रत्येक तुकड्याचा उतार आधीच्यापेक्षा जास्त आहे ना, ते तपासा. चाचणीतून आलेल्या हीट रेटमध्ये (एकक विजेमागे लागणारी इंधनाची उष्णता) मधेच एखादा तुकडा आधीच्यापेक्षा स्वस्त निघतो. मग एलपी तोच आधी भरतो आणि तुम्हाला अस्तित्वात नसलेली स्वस्त वीज दाखवतो. असे दोन शेजारचे तुकडे एकत्र करून टाका.

१५ मिनिटांच्या ब्लॉकमध्ये हमखास होणाऱ्या दोन गोष्टी. ५०० मेगावॅटच्या संचाचा रॅम्प (निर्मिती वाढवण्या-घटवण्याचा वेग) मिनिटाला १ टक्का असेल तर ब्लॉकला ७५ मेगावॅट येतो. तासाच्या जुन्या मॉडेलमधून ३०० तसाच राहिला की मॉडेल खूश आणि नियंत्रण कक्ष हैराण. आणि इंधनखर्चाला ०.२५ ने गुणायचं असतं, सुरू करण्याच्या खर्चाला नाही. तोही गुणला गेला तर संच दिव्याच्या बटणासारखे चालू-बंद होतात.

सारखे संच. एकाच केंद्रातले चार संच हुबेहूब असतील तर प्रत्येक वेळापत्रकाच्या २४ पर्यंत अदलाबदली होतात, सगळ्या त्याच खर्चाच्या, आणि सॉल्व्हर त्या एकेक करून नाकारत बसतो. 'पहिला संच चालू असेल तरच दुसरा' अशी अट घालायचा मोह होतो, घालू नका. संच अ १ ते ८ तास, ब ५ ते १६ तास, किमान चालू वेळ ८ तास: हे चालतं. ती अट घातली की पहिला १ ते १६ आणि दुसरा फक्त ५ ते ८, म्हणजे ४ तास. किमान वेळ मोडली. त्यापेक्षा चारही संचांसाठी 'किती चालू' असा एकच पूर्णांक (० ते ४) घ्या, 'किती सुरू झाले' आणि 'किती बंद झाले' तेही तसेच. किमान वेळेच्या बेरजा तशाच चालतात, फक्त १ च्या जागी ४ येतो. नंतर 'जो आधी सुरू झाला तो आधी बंद' या क्रमाने वाटून टाका. रॅम्प मात्र गटाचा धरल्यामुळे किंचित सैल होतो, तेवढं वाटपानंतर तपासा.

तारमार्ग:

५०० लाइन × ५०० आउटेज × ९६ ब्लॉक × २ दिशा = ४ कोटी ८० लाख ओळी. पहिला एलपी रडणार नाहीतर काय करणार! त्यातल्या प्रत्यक्ष घट्ट बसणाऱ्या ओळी अगदी थोड्या असतात.

सुरुवातीला लाइनची एकही मर्यादा न घालता सोडवा. आलेल्या निर्मितीवरून पीटीडीएफने (एखाद्या बसवर घातलेल्या १ मेगावॅटपैकी किती भाग कुठल्या लाइनवर जातो तो गुणांक) सगळे प्रवाह काढा. आउटेजनंतरचा प्रवाह एलओडीएफने (क लाइन गेली की तिच्या प्रवाहाचा किती भाग ल वर येतो तो गुणांक):

प्रवाह[ल] + एलओडीएफ[ल,क] × प्रवाह[क]

ल वर १८० मेगावॅट, क वर २००, एलओडीएफ ०.३५, क गेली की ल वर २५०. हे साधे मॅट्रिक्स गुणाकार आहेत, ऑप्टिमायझेशनच्या मानाने फुकटच. मर्यादा मोडणाऱ्या जोड्या निवडा, पण प्रत्येक लाइनसाठी त्या ब्लॉकमधला सगळ्यात वाईट एक-दोन आउटेजच घाला, आणि पुन्हा सोडवा. साधारणपणे काही फेऱ्यांत नवीन ओळी यायच्या थांबतात. एका ब्लॉकमध्ये मोडलेली जोडी शेजारच्या ब्लॉकमध्येही घालून टाकली तर फेऱ्या आणखी कमी होतात.

अडतं कुठे तेही सांगतो.

एलओडीएफ = पीटीडीएफ[ल,क] ÷ (१ − पीटीडीएफ[क,क]), इथला पीटीडीएफ क च्या दोन टोकांमधल्या व्यवहाराचा. क ही एखाद्या भागाला जोडणारी एकुलती एक लाइन असेल तर छेद शून्य होतो, आणि दशांशाच्या धुळीमुळे शून्याऐवजी १० च्या उणे बाराव्या घाताइतका काहीतरी येतो. एलओडीएफ अवाढव्य. अशा लाइन आधीच वेगळ्या काढा. ती गेल्यावर तो भाग बेट होणार, तो प्रश्न लाइनच्या मर्यादेचा नाहीच.

आउटेजनंतरच्या प्रवाहाला लाइनचं अल्पकालीन रेटिंग लावा, नेहमीचं नाही. नेहमीचं लावलं तर नसलेली गर्दी दिसते.

०.०१ पेक्षा लहान पीटीडीएफ शून्य करून मॅट्रिक्स विरळ करायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. २०० बसवर २०-२० मेगावॅट आणि पीटीडीएफ ०.००८, सगळे एकाच चिन्हाचे, तर ३२ मेगावॅट हवेत विरतात. कापायचंच असेल तर मूळ पीटीडीएफने प्रवाह काढून जो फरक येतो तो उजव्या बाजूला टाका.

आणि मोठ्या नेटवर्कवर जाण्याआधी तुमचा कोड या तीन बसवर चालवून बघा. तिन्ही लाइनचा रिॲक्टन्स सारखा. बस १ वर संच, सीमांत खर्च २०. बस २ वर ३५ (चलन कुठलंही धरा). बस ३ वर ३०० मेगावॅट भार. मर्यादा नसेल तर सगळं बस १ कडून, आणि १-३ लाइनवर २०० वाहतात. आता १-३ ची मर्यादा १६० करा. उत्तर १८० आणि १२० यायला हवं, एकूण खर्च ७,८००. बस ३ ची किंमत ५० यायला हवी, दोन्ही संचांपेक्षा जास्त! ही चूक नाही. बस ३ ला आणखी १ मेगावॅट हवा तर १-३ वरचा प्रवाह न वाढवता तो द्यायचा, म्हणजे बस २ ला २ वाढवून बस १ चा १ कमी करावा लागतो: ७० − २० = ५०. लाइनची सावली-किंमत (ड्युअल, म्हणजे मर्यादा १ मेगावॅटने वाढवली तर वाचणारा खर्च) ४५. ४५ च्या जागी −४५ आलं तर ड्युअलच्या चिन्हाची तुमच्या सॉल्व्हरची रीत उलटी आहे. ती आत्ताच समजून घेतलेली बरी.

वारंवारता_५०:

काकांच्या रॅम्पला एक जोड. मॉडेलमधले मेगावॅट म्हणजे ब्लॉकची सरासरी की क्षणाचं मूल्य, हे ठरवलंय का? संच ब्लॉकच्या सुरुवातीला २०० वर आहे, रॅम्प ब्लॉकला ७५. मॉडेल म्हणतं पुढच्या ब्लॉकमध्ये २७५. प्रत्यक्षात तो ब्लॉकच्या शेवटी २७५ ला पोचतो, सरासरी २३७.५. राहिलेले ३७.५ दुसरं कुणीतरी उचलतं, आणि संध्याकाळी सौर उतरताना सगळेच संच एकदम चढत असतात, तेव्हा ते दुसरं कुणी म्हणजे राखीव क्षमता. संध्याकाळच्या ब्लॉकपुरतं तरी निर्मिती ब्लॉकच्या टोकांना धरा आणि ऊर्जा दोन टोकांच्या सरासरीने काढा.

राखीव क्षमता मोजतानाही तेच. ६५० पर्यंत जाणारा संच ५०० वर असेल तर मोकळी जागा १५०, पण राखीव १० मिनिटांत मिळायला हवी असेल आणि रॅम्प मिनिटाला ५ मेगावॅट असेल तर मोजायची फक्त ५०. दोन्ही अटी घाला. एकूण गरजही ठोकळ आकड्याने नको: प्रत्येक चालू संचासाठी 'इतरांची राखीव ≥ या संचाची निर्मिती' अशी ओळ घाला. मग मॉडेल स्वतःच सर्वांत मोठा संच थोडा खाली ठेवायचा विचार करतं.

रोहित्र:

एसीकडे वळू. डीसीत तीन गृहीतं आहेत: व्होल्टेज सगळीकडे १ पीयू, कोन लहान, रोध नगण्य. रिॲक्टिव्ह पॉवर (व्होल्टेज टिकवायला लागते ती, मेगाव्हारमध्ये मोजतात) या जगात नाहीच. त्यामुळे तुमच्या तीन बसचं व्होल्टेज का पडलं याचा अंदाज डीसीच्या उत्तरातूनच बांधता येतो: भाराजवळचा एखादा महाग वायू संच मॉडेलने बंद ठेवला असणार. मेगावॅटच्या हिशोबात तो नकोच होता. तो देत होता मेगाव्हार, आणि ते मॉडेलला दिसत नाहीत. लांबून मेगाव्हार आणता येत नाहीत, लाइनचा रिॲक्टन्सच ते खातो.

यावर कामाची रीत अशी. चालू-बंद ठरलेलं धरून प्रत्येक ब्लॉकचा एसी ओपीएफ (नेटवर्कच्या मर्यादा पाळून कमीत कमी खर्चाचा लोड फ्लो) सोडवा. सुरुवात डीसीच्या कोनांपासून, व्होल्टेज १.०. प्रत्येक बसवर रिॲक्टिव्हचं एक काल्पनिक स्लॅक (तूट भरून काढणारं व्हेरिएबल) ठेवा, त्याला मोठा दंड. ओपीएफ 'सुटत नाही' एवढंच सांगून थांबला तर हातात काही लागत नाही. स्लॅक असलं की कुठल्या बसवर किती मेगाव्हार कमी पडतात ते आकड्यात दिसतं. मग त्या भागासाठी मूळ कमिटमेंटमध्ये अट टाका: 'या तीन संचांपैकी निदान एक चालू', अमुक ते अमुक ब्लॉक. पुन्हा सोडवा. दिवसाचे सगळे ब्लॉक तपासायची गरज नसते. कमाल भार, किमान भार, सौर उतरण्याची वेळ आणि प्रत्येक मोठा संच बंद होतानाचा ब्लॉक घेतला तर बहुतेक भानगडी सापडतात. किमान भाराला विसरू नका. तेव्हा हलक्या भारलेल्या लांब लाइन मेगाव्हार बाहेर टाकतात आणि व्होल्टेज वर जातं.

जनरेटरची रिॲक्टिव्ह मर्यादा चौकोनी धरू नका. पूर्ण मेगावॅटवर रोटरच्या तापमानामुळे ती आक्रसते, आणि नेमकी तिथेच तिची गरज असते.

ओव्हरलोड झालेल्या दोन लाइनचं कारण बहुधा दुहेरी आहे. एक, रेटिंग एमव्हीएमध्ये (मेगावॅट आणि मेगाव्हार मिळून) असतं आणि डीसी सगळं मेगावॅटला देऊन टाकतं. ५०० एमव्हीएच्या लाइनवर १५० मेगाव्हार वाहत असतील तर मेगावॅटसाठी उरतात √(५००² − १५०²) ≈ ४७७. सरसकट १० टक्के कापण्यापेक्षा एसीतून आलेल्या मेगाव्हारवरून लाइनगणिक मर्यादा काढा. दोन, वहनहानी. ती भारात सपाट मिसळली तरी एकूण आकडा जमतो, पण कुठला संच किती हानी वाढवतो हे कळत नाही. एसी बिंदूभोवती रेषीय करा:

हानी = मूळ हानी + बेरीज (हानी गुणांक × (निर्मिती − मूळ निर्मिती))

दोन-तीन फेऱ्यांत स्थिरावते. हानीचं वर्गीय समीकरण '≥' करून घालायचं असेल तर जपून: एखाद्या बसची किंमत ऋण झाली की वीज फुकट घालवण्यातच मॉडेलला फायदा दिसतो, आणि ते नसलेली हानी निर्माण करतं.

ट्रान्सफॉर्मरचे टॅप आणि कपॅसिटर बँक आधी सलग धरून सोडवा, मग जवळच्या पायरीवर आणा. सगळे एकदम गोल करू नका. पायरीच्या सर्वांत जवळ असलेले काही आधी पक्के करा, पुन्हा सोडवा, मग पुढचे. एकदम केलं की सगळे एकाच दिशेला सरकू शकतात आणि व्होल्टेज मर्यादेबाहेर जातं.

ओपीएफ कार्पेंतिए यांनी १९६२ मध्ये मांडला, आणि तो कुठल्याही नेटवर्कवर खात्रीने आणि पटकन सुटतो असं आजही म्हणता येत नाही. इंटिरियर पॉइंट (तो सोडवायची नेहमीची पद्धत) देतो ते स्थानिक उत्तर. त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हे बघायचं असेल तर एसओसीपी किंवा एसडीपी शिथिलीकरण (अटी सैल करून सोपा केलेला प्रश्न) सोडवून खालची मर्यादा काढा. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर पुढे शोधत बसण्यात अर्थ नाही. वितरणाच्या अरीय (झाडासारख्या फांद्यांच्या) जाळ्यात एसओसीपी बरेचदा हुबेहूब उत्तर देतो, पण छतांवरच्या सौरमुळे व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकलं की ती खात्री सुटते.

उपसासिंचन:

बॅटरीचं दुखणं बॅटरीत नाही, सौर कापण्यावर तुम्ही लावलेल्या दंडात आहे. जास्तीची वीज टाकायला जागा नाही, कापली तर दंड. मग मॉडेल ती बॅटरीच्या अकार्यक्षमतेत जाळतं. दोन्ही बाजूंची कार्यक्षमता ०.९ धरली तर १०० मेगावॅट चार्ज आणि ८१ मेगावॅट डिस्चार्ज एकाच वेळी: आत ९० गेले, ९० बाहेर आले, साठा जागचा हलला नाही, आणि १९ मेगावॅट गायब. दंड शून्य करता आला तर हे थांबतं. करता येत नसेल तर चार्ज + डिस्चार्ज ≤ १०० ही ओळ घाला, जळण १०.५ वर येतं, पण संपत नाही. पुरता बंदोबस्त बायनरीनेच. ती सगळ्या ९६ ब्लॉकना नको, जिथे दोन्ही एकदम दिसतात तिथेच घाला आणि पुन्हा सोडवा.

शेवटच्या दोन तासांचं कारण साधं: मॉडेलसाठी रात्री १२ नंतर जग नाही. क्षितिज ३६ तासांचं करा, पहिले ९६ ब्लॉक १५ मिनिटांचे आणि पुढचे १२ तासा-तासाचे, आणि अमलात फक्त पहिले ९६ आणा. ब्लॉकची लांबी बदलते त्या सांध्यावर रॅम्प आणि किमान वेळा तासांवरून नव्याने मोजा. जलाशयाला ३६ तासही कमीच. तिथे शेवटी उरलेल्या पाण्याला किंमत लावा, ती लांब पल्ल्याच्या नियोजनातून येते. 'शेवटची पातळी = सुरुवातीची पातळी' ही अट सोपी आहे, पण पावसाळ्याच्या तोंडावर आणि उन्हाळ्याच्या शेवटी दोन्हीकडे चुकीची.

सुरुवातीची स्थितीही बघा. मध्यरात्री एखादा संच ३ तास चालून झालेला असेल आणि किमान वेळ ८ तास असेल तर पहिले २० ब्लॉक तो चालू म्हणून पक्का करायचा असतो.

स्लॅकबस:

बरंच स्पष्ट झालं. राहिलेले दोन प्रश्न. जेनेटिक अल्गोरिदमबद्दल कोणीच सरळ बोललं नाही. आणि इतक्या अटी घातल्यावर मॉडेल 'इनफीजिबल' (सगळ्या अटी पाळणारं उत्तरच नाही) म्हणालं तर नेमकी कुठली अट भांडतेय ते कसं शोधायचं?

लॅग्रांज_काका:

तुमच्याकडे ३८ × ९६ = ३,६४८ बायनरी आहेत. जेनेटिक अल्गोरिदममध्ये दोन चांगल्या वेळापत्रकांचा संकर केला की मुलाची किमान चालू वेळ जवळपास नक्कीच मोडते. मग दुरुस्तीचं वेगळं गणित लिहा, दंड जुळवा, आणि अखेर जे उत्तर येतं त्याला गॅप नसतो. ते सर्वोत्तमापासून ०.२ टक्का दूर आहे की ४ टक्के, सांगायला काही साधन नाही. प्रबंधांत तुलना बहुधा १० संच, २४ तास, नेटवर्क नाही, अशा प्रश्नावर असते. तेवढं आजचा एमआयएलपी सॉल्व्हर चुटकीसरशी सोडवतो. तुमचा गॅप १.५ टक्क्यावर अडकलाय हे तुम्हाला कळतं तरी, ते एमआयएलपीमुळेच.

त्यांना जागा आहे ती वेगळ्या कामात. खर्च किंवा परिणाम एखाद्या सिम्युलेशनमधूनच कळतो, सूत्र हाताशी नाही, व्हेरिएबल मोजके आहेत आणि वेळेचं बंधन नाही: कपॅसिटर कुठे बसवायचे, नियंत्रकांच्या सेटिंग काय ठेवायच्या. वाफेच्या व्हॉल्व्हमुळे खर्चाच्या वक्रावर येणाऱ्या लाटा हे कारण नेहमी पुढे केलं जातं, पण त्या लाटाही तुकड्यांनी आणि काही बायनरींनी मांडता येतात.

गॅप किती पुरे, हे पैशात बघा. दिवसाचा खर्च १० कोटी असेल तर ०.१ टक्का म्हणजे १ लाख. भाराच्या अंदाजातली चूक त्याहून मोठी फिरते. ०.१ च्या खाली वेळ घालवू नका. फक्त लक्षात असू द्या, खर्चात ०.१ टक्क्याचा फरक असलेल्या दोन उत्तरांत एकेका संचाचं वेळापत्रक पार वेगळं असू शकतं. त्यावर मोबदला ठरत असेल तर संचमालक विचारणारच.

तारमार्ग:

इनफीजिबलचं उत्तर: तशी वेळ येऊच देऊ नका. भार संतुलन, लाइन आणि राखीव क्षमता या तिन्हींना स्लॅक आणि दंड असू द्या. संचाच्या भौतिक अटी (किमान, कमाल, किमान वेळा) कडक ठेवा. मग मॉडेल जवळपास नेहमी सुटतं आणि कुठे किती मोडलं ते स्लॅक सांगतं. तरीही इनफीजिबल आलं तर भांडण संचाच्या अटींतच आहे: सुरुवातीची निर्मिती कमालपेक्षा जास्त, जबरदस्तीने चालू ठेवलेला संच देखभालीसाठीही बाहेर, किंवा सुरू-मर्यादा किमानपेक्षा कमी. बऱ्याच सॉल्व्हरमध्ये भांडणाऱ्या अटींचा छोटा गट काढून देणारी सोय असते. ती एका संचाच्या, एका दिवसाच्या मॉडेलवर चालवा, सगळ्यावर चालवली तर तासन्तास लागतात.

दंडांचा क्रम ठेवा: राखीव सर्वांत स्वस्त, मग लाइन, भार कपात सर्वांत महाग. आकडा निवडताना पीटीडीएफ ध्यानात घ्या. लाइनचा दंड १,००० प्रति मेगावॅट ठेवलात आणि दोन संचांच्या पीटीडीएफमधला फरक ०.०५ असेल, तर लाइनवरचा १ मेगावॅट उतरवायला २० मेगावॅट हलवावे लागतात. त्या दोघांच्या खर्चात ६० चा फरक असेल तर १,२०० पडतात. मॉडेल १,००० भरून लाइन खुशाल ओव्हरलोड ठेवेल. पण म्हणून भीतीपोटी १ अब्जाचा दंडही लावू नका. सॉल्व्हरची सूट १० च्या उणे सहाव्या घाताची असते, त्या सूटीतच हजाराचा खर्च लपतो आणि ड्युअल कचरा येतात. सर्वांत महाग संचाच्या सीमांत खर्चाच्या शंभरपट भार कपातीला पुरे, लाइनला त्याच्या पाव ते अर्ध्या दरम्यान.

वारंवारता_५०:

स्लॅकची बेरीज बघू नका, ब्लॉकवार यादी छापा. एकाच ब्लॉकमध्ये मोठा आकडा असेल तर बहुतेक रॅम्प किंवा इनपुटमधला चुकलेला आकडा; सलग दहा-बारा ब्लॉकमध्ये थोडा-थोडा असेल तर खरोखरच क्षमता कमी पडतेय.